दहा वाजून पाच मिनिटांची वाणी

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा जिन्यात चपलाबुटांचे इतके जोड पडले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, घरात कुणी गेलं. पण आतून रडण्याचा आवाज नव्हता. दार उघडं होतं. बैठकीच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि प्रत्येकानं उजव्या हाताची मूठ घट्ट आवळून छातीशी धरली होती.

"काय झालंय?" मी दाराशी बसलेल्या बाईंना विचारलं.

"श्श. आधी मूठ करा."

"कशासाठी?"

"वरून आदेश आहे."

वर चौथ्या मजल्यावर एक दातांचे डॉक्टर राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. तरी मी मूठ केली. दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी होती, म्हणून एकच केली.

मी कानाची यंत्रं बसवते. सहा आठवड्यांपूर्वी या घरातल्या आजोबांना मीच यंत्रं बसवली होती, आणि आज नेहमीच्या तपासणीला आले होते. यंत्रातला मळ साफ करायचा, आवाज थोडा कमीजास्त करायचा, अर्ध्या तासाचं काम. आजोबा एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. बारा वर्षांपूर्वी कान गेले आणि हळूहळू माणसंही गेली, कारण दर वाक्य चारदा ओरडून सांगायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात सासरे आणि सून दोघंच.

आता मात्र आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि समोर सबंध इमारत गोळा झाली होती. त्यांच्या बाजूला एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ मांडी घालून होते. हे पूर्वी दारोदार पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकायचे. हल्ली आजोबांच्या बोलण्याचा अर्थ सांगतात, म्हणून सगळे त्यांना अर्थकाका म्हणू लागले होते. समोरच्या ताटलीत तांब्याच्या कड्या होत्या. कानात घातल्या की वाणी आपल्यालाही ऐकू येते म्हणे, फक्त मन पुरेसं स्वच्छ हवं. आतापर्यंत चाळीस खपल्या होत्या आणि ऐकू कुणालाच आलं नव्हतं, त्यामुळे इमारतीत सगळे एकमेकांच्या मनाबद्दल साशंक झाले होते.

दहा वाजून पाच मिनिटं झाली. आजोबांच्या भुवया उंचावल्या.

"टुंग," ते म्हणाले.

"घंटा झाली," अर्थकाका हलक्या आवाजात म्हणाले. लोक ताठ बसले.

"माझा आवाज येतोय का?" आजोबा हळू, तुटक बोलत होते, कुणीतरी मजकूर सांगावा आणि त्यांनी तो लिहून घ्यावा तसे. मग त्यांनी स्वतःच मान डोलावली. "येतोय. अगदी स्वच्छ येतोय."

"रोज आधी हेच विचारतात," दाराशी बसलेल्या बाई मला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "केवढी काळजी."

"सगळ्यांनी मूठ करा," आजोबा म्हणाले. मुठी होत्याच, त्या आणखी आवळल्या गेल्या. थोड्या वेळानं, "पुढची साईड." सगळी गर्दी उठून खिडकीच्या बाजूला सरकली. मीही सरकले. पेटी एका काकूंच्या गुडघ्याला लागली.

"पत्ता अर्धवट असेल तर कुणीच पोचणार नाही," आजोबा म्हणाले.

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर क्षणभर काटा आला.

अर्थकाकांनी घसा साफ केला. "पत्ता म्हणजे कोणता? घराचा नव्हे, आत्म्याचा. आपण सगळी अर्धवट पत्त्याची माणसं. विश्वाच्या लहरी येतात, दार वाजवतात आणि परत जातात. का? आपल्या पेशींची कंपनं जुळत नाहीत. कंपनं कशानं जुळतात?" त्यांनी नुसतं ताटलीकडे पाहिलं.

मी घाईनं मन आवरलं आणि माझ्या शेजारी कोण आहे ते बघितलं. कोपऱ्यावरचे बेकरीवाले होते. एरवी पिठाची पोती खांद्यावर टाकून चालणारा माणूस, पण आज भिंतीला टेकून एक हात जांघेशी दाबून बसला होता.

"तुमचं ऑपरेशन होतं ना या शुक्रवारी?" मी विचारलं. त्यांचा हर्निया अख्ख्या गल्लीला माहीत होता.

"रद्द केलं," ते म्हणाले. "सोमवारी वाणी झाली. 'सील फुटलेलं असलं तरी उघडू नका, जसं आलं तसं परत पाठवा.' अर्थकाका म्हणाले, हे तुमच्यासाठीच आहे. पोट उघडू द्यायचं नाही, दवाखान्यातून परत यायचं."

"दुखतंय का?"

"काल रात्रीपासून जरा जास्तच." त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी सांगितलं की आतडं अडकलं तर जीवावर बेतेल, उठा आणि आत्ता दवाखान्यात चला. त्यांनी मान हलवली. ते माणूस चांगले आहेत, फक्त सुरीला भितात, आणि भित्र्या माणसाला 'नको' म्हणणारी वाणी फार पटकन पटते. "वाणीनंच सांगितलं तर जाईन," ते म्हणाले.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून सून बाहेर आली. कानाला फोन, चेहरा त्रासलेला. मला पाहून ती मला स्वयंपाकघरात ओट्याजवळ घेऊन गेली.

"बरं झालं आलात. बाबांना खरंच ऐकू येतं का हो काही? मला भीती वाटते. पण बारा वर्षांनी माणसांत बसतायत, मोडवत नाही."

"आवाज कधी कधी येतो?"

"दहा ते अकरा, मग दुपारी थोडा. रविवारी नाही."

"देवाला साप्ताहिक सुट्टी?"

"अर्थकाका म्हणतात, मौन असतं. आणि बाबा खाली बागेत गेले की बंद होतो. तिथल्या झाडांच्या लहरी आडव्या येतात म्हणे." ती पाणी प्यायली. "माझंच डोकं ठिकाणावर नाही, ताई. पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचं काम घरून करते आणि सहा आठवडे लॅपटॉप मुका झालाय. मीटिंगला चित्र लॅपटॉपवर बघते आणि बोलणं फोनवर ऐकते. दोनदा दुरुस्तीला नेला. दुकानात नेला की व्यवस्थित बोलतो, घरी आणला की पुन्हा ठार मुका."

मी हातातली पेटी खाली ठेवली.

सहा आठवडे. दुकानात बोलतो, घरी बोलत नाही. बागेत वाणी नाही, रविवारी नाही. यंत्रं बसवायला आले त्या दिवसाचं सगळं मला आठवलं. आजोबा म्हणाले होते, सुनेच्या लॅपटॉपवरच्या बातम्या ऐकायच्यात. मी तिथल्या तिथे दोन्ही यंत्रं ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडून दिली होती. सून तेव्हा बाजारात गेली होती. नंतर तिला सांगायचं मी विसरले.

म्हणजे लॅपटॉप जवळ असला की त्याचा सगळा आवाज आजोबांच्या कानात जात होता. हा चमत्कार माझ्याच हातचा होता.

"आत्ता मीटिंगमध्ये काय चाललंय?" मी विचारलं.

"परत आलेल्या पार्सलांचं. साहेब दर पाच मिनिटांनी ओरडतात, सगळ्यांनी म्यूट करा, पुढची स्लाइड."

"म्यूट," मी म्हणाले. बाहेर पस्तीस माणसं मुठी आवळून बसली होती.

लगेच बाहेर जाऊन सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मी सुनेच्या कानात दोन गोष्टी सांगितल्या. तिचे डोळे मोठे झाले, मग तिनं तोंडावर पदरासारखा टॉवेल धरला आणि खांदे हलवत आत गेली. मीटिंग संपल्याबरोबर तिनं लॅपटॉपवर कपडे धुण्याच्या मशीनची माहिती देणारा व्हिडिओ लावला. मी बाहेर येऊन उभी राहिले.

"काका, एक विनंती. बेकरीवाल्यांसाठी वाणीला पुन्हा विचारता येईल का?"

"वाणीला विचारायचं नसतं," अर्थकाका म्हणाले. "ती आपणहून येते."

आजोबांच्या भुवया वर गेल्या. ती आपणहून आलीच होती.

"दार नीट लावा," आजोबा म्हणाले.

"इंद्रियांची दारं," अर्थकाका म्हणाले.

"आधी खिसे रिकामे करा."

अर्थकाकांचा चेहरा उजळला. इतका सरळ आदेश त्यांना आजवर मिळाला नव्हता. "याला अर्थ सांगायची गरज आहे का?" ते म्हणाले आणि ताटली हातभर पुढे सरकवली. दोघातिघांचे हात खिशात गेलेसुद्धा.

"पांढरे आणि रंगीत वेगळे ठेवा."

"पांढरे म्हणजे सज्जन. रंगीत म्हणजे..." त्यांची नजर दातांच्या डॉक्टरांच्या फुलाफुलांच्या शर्टावर थांबली. "असो."

"मोजे जाळीच्या पिशवीत घाला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच एक डोळा उघडला.

"मोजे," अर्थकाका म्हणाले. कपाळावर आठ्या पडल्या. "पायाशी असलेला, तुडवला गेलेला जीव. जाळी म्हणजे माया. त्याला मायेत..."

"फार फेस आला तर पावडर कमी करा."

मागून कुणीतरी फसकन हसलं. अर्थकाका मात्र फेसावर बोलायला लागले होते. विश्व आधी फेसच होतं, वगैरे. माणूस एकदा सगळ्यातून अर्थ काढायला बसला की त्याला थांबता येत नाही, ही त्याची मोठी अडचण असते.

मी आतल्या खोलीचं दार उघडलं. सून लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून बाहेर आली. पडद्यावर एक बाई मशीनमध्ये कपडे भरत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"नळीचं रबर तपासा," आजोबा म्हणाले. पडद्यावरच्या बाईनं नळी वर उचलून दाखवली.

लोक एकदा आजोबांकडे आणि एकदा पडद्याकडे बघू लागले. मी बेकरीवाल्यांना जवळ बोलावलं आणि पडद्यावरची यादी दाखवली. आवाज कुठे पाठवायचा, याची ती यादी. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर, आणि खाली आजोबांची श्रवणयंत्रं. खूण यंत्रांसमोर होती.

"इथे बोट लावा," मी म्हणाले.

त्यांनी स्पीकरवर बोट टेकवलं. लगेच खोलीभर खणखणीत आवाज घुमला, "मशीनखाली पाणी साचत असल्यास घाबरू नका."

"थांबला," आजोबा म्हणाले. "माझा थांबला."

बेकरीवाल्यांनी पुन्हा यंत्रांवर बोट लावलं. लॅपटॉप गप्प झाला आणि आजोबा बोलू लागले. स्पीकर, यंत्र. यंत्र, स्पीकर. सातआठ वेळा केलं त्यांनी. मग जांघेवरचा हात न काढता म्हणाले, "म्हणजे सोमवारचं ते सील..."

"खोक्याचं," सून म्हणाली. "काचेचे पेले होते आत. गिऱ्हाइकानं परत पाठवलेले."

"लहरी त्याच," अर्थकाका म्हणाले. आवाजात अजून खात्री होती. "मार्ग लॅपटॉपचा असेल, पण शक्ती..."

"शक्ती विजेची आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि माझी कडी परत घ्या."

त्यानंतर ताटलीत कड्या पडू लागल्या. अर्थकाका थोडा वेळ बसले, मग त्यांना कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं. बेकरीवाल्यांना डॉक्टरांनी आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. शुक्रवारची वाट न बघता संध्याकाळीच ऑपरेशन झालं. आतडं अडकायला सुरुवात झाली होती. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते सर्जननं त्यांच्या बायकोला सांगितलं. तिनं ते मला सांगितलं.

गर्दी गेल्यावर आजोबा खुर्चीत एकटेच उरले. मी यंत्रं काढून साफ करत होते. मला वाटलं, त्यांना राग आला असेल. मी यंत्रं परत घातली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"एक विचारू? म्हणजे मला वेड लागलं नव्हतं ना?"

"नाही, आजोबा. आवाज खरा होता. बोलणारा वेगळा होता."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "पहिल्या दिवशी आला तेव्हा वाटलं, संपलं, आता डोकंही गेलं. सुनेला कसं सांगणार? तेवढ्यात हे काका म्हणाले, वेड नाही, ही वाणी आहे. वेडा ठरण्यापेक्षा ते बरं वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "आणि रोज कुणीतरी विचारायचं ना, आवाज येतोय का. बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

सुनेनं त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "मी विचारत जाईन, बाबा," ती म्हणाली. "पण मीटिंग तुमच्या कानात चालू नको. साहेब फार शिव्या देतात."

"ते मला कळलं होतं," आजोबा म्हणाले. "मी त्या गाळत होतो."

हे मी लिहून काढते आहे, कारण यात माझीही चूक होती. जोडणी मी केली आणि घरच्यांना सांगितली नाही. जे आपल्याला कळत नाही त्याला चमत्कार म्हणायला फारसा वेळ लागत नाही, आणि तो चमत्कार विकायला बसणारा माणूस शेजारीच राहत असतो. आजोबा लबाड नव्हते, बेकरीवाले मूर्ख नव्हते. कुणी एकदाही विचारलं नव्हतं, एवढंच. हा आवाज रविवारी का नसतो? जिना उतरला की का थांबतो? तो सुरू झाला त्याच आठवड्यात घरात नवीन काय आलं? यातला एकही प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. म्हणून तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत असं काही सुरू झालं तर हात जोडण्याआधी हे प्रश्न विचारा, मोठ्यानं विचारा, चारचौघांत विचारा. लोक हसतील, चिडतील, तुमचं मन स्वच्छ नाही म्हणतील. म्हणू द्या. आणि कुणाचं औषध किंवा ऑपरेशन त्यासाठी थांबलं असेल, तर प्रश्न नंतर विचारा, आधी त्या माणसाला डॉक्टरकडे घेऊन जा.