प्रवचनाचा घडा, भरतीच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना घडा आहे. मुन नदीकाठच्या मातीचा, काळपट, एक कान तुटलेला. भट्टीतून निघालो तेव्हा विहारातल्या भन्तेंनी मला टिचकी मारली आणि म्हणाले, "हा तर सुरात वाजतो! प्रवचनाला राहू द्या."

आमच्याकडे भात झोडून झाला की पोटची लेकरेही दान देऊन टाकणाऱ्या एका दानशूर राजपुत्राची कथा भन्ते दिवसभर गाऊन सांगतात. कोणत्या घराने कोणत्या पर्वाची सेवा करायची, त्याच्या चिठ्ठ्या माझ्यातून निघतात. गाणारा गळा भिजला की तो सूर माझ्या तळाशी घुमतो. याहून मोठे सुख मला ठाऊक नाही.

पण एप्रिलमध्ये त्याच मंडपात सैन्यभरती होते. सरकारी पेटीवर गावाचा भरवसा नाही, म्हणून तेव्हाही मलाच पुढे ठेवतात. काळी चिठ्ठी निघाली की पोरगा घरी. लाल निघाली की दोन वर्षे छावणीत. आपणहून नाव दिले तर एकच वर्ष.

त्या वर्षी बुआफानचा एकुलता एक लेक सुरियन रांगेत होता. तिला दम्याने पार पोखरले होते. घरात तिसरे कोणी नव्हते. भरतीच्या साहेबांनी विचारले, "आपणहून कोण येतंय?"

तिचा भाऊ थोंगदाम भाच्याला कोपर मारत म्हणाला, "हात वर कर, गाढवा! वर्षात सुटशील."

"खबरदार!" बुआफानने लेकाची बाही धरली. "यंदाच्या प्रवचनाला याच घड्यातून मला लेकरांचं पर्व आलंय. दान दिलेली ती लेकरं शेवटी घरी येतात. कौल आहे हा. काळीच निघणार!"

"घरी येतात, पण आधी दान घेणाऱ्याच्या हातचे वेलीचे फटके खातात. तेव्हा डुलकी लागली होती का तुला?"

"तू आपली कोंबड्यांची झुंज बघ, दादा! आणि भीतीनं वर केलेल्या हाताला आपणहून म्हणतात होय?"

"तुमचं ठरू द्या," सुरियन हसला, "मी तोवर घाम पुसतो."

हात वर गेला नाही. आपणहून आलेली नावेही पुरली नाहीत. चिठ्ठ्या माझ्यात पडल्या.

त्याचा हात आत आला, गारठलेला, ओला. काळ्या चिठ्ठ्याच जास्त होत्या. त्याने एक काळी धरली, सोडली आणि शेजारची उचलली. मित्रांनो, मला बोटे नाहीत.

"लाल!"

बुआफान रडली नाही. माझ्या काठावरून हात फिरवत एवढेच म्हणाली, "तू तर विहारातला ना रे?"

दुसऱ्या वर्षी कापणीच्या दिवसांत ती गेली. आपणहून गेला असता तर पोरगा तोवर परतला असता, असे थोंगदाम म्हणे. न्यावेच का कुणाला बळेच, असे शेजारीण म्हणे. मंडपाच्या पायऱ्यांवर तो वाद अजून चालतो. बुआफानच्या घराला मात्र कुलूप आहे.

पुढच्या प्रवचनाला सुरियन रजा काढून आला. भन्ते लेकरे घरी परतल्याचे पर्व गात होते. पर्व संपले, माणसे आपापल्या घरी गेली. तो माझ्याशेजारी बसूनच राहिला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला फार जपतात. माझ्यात ज्यांना हात घालावा लागतो, त्यांना जपा. पण घड्याचे कोण ऐकणार? उद्या भरती आहे. आज सकाळीच मला धुऊन उन्हात वाळत ठेवले आहे.