देव्हाऱ्यातला डबा

आमच्या खानदेशात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, आणि ज्याला काही विकायचंय त्याच्यासाठी याहून वाईट गोष्ट नाही. पुण्यात लोक दार लावून घेतात, निदान कळतं तरी. इथे चहा पाजतात, आजोबांचं गाव विचारतात आणि "पाहूत" म्हणतात. मी तीन महिने गावोगाव हे "पाहूत" गोळा करत फिरले.

पुण्यातली नोकरी सोडून मी अमळनेरला परत आले आणि धुळ्याच्या तौसिफभाईंबरोबर धंदा सुरू केला. तौसिफभाई वीस वर्षं जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. मोटार घेऊन येणारा एखादा सांगायचा, ही मोटार भावाची, भाऊ शॉक लागून गेला. अशा चार-पाच भावांची गोष्ट ऐकून तौसिफभाईंची झोप उडाली होती. त्यातून आमचा डबा तयार झाला. तो विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवायचा. पेटीच्या पत्र्यात करंट उतरला की डबा तिथल्या तिथे वीज तोडतो आणि मालकाला फोन लावतो. माझ्या मोबाइलवर प्रत्येक डब्याचा एक ठिपका दिसतो. डबा चालू असला की हिरवा, बंद असला की करडा.

डबा उत्तम होता, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. धुळ्यातल्या मोटारपंपांच्या मोठ्या दुकानाचे मालक बन्सीलाल शेठ शेवटी म्हणाले, "मेघाताई, दहा शेतांत दहा डबे चालू दाखवा. सोमवारी कंपनीचे साहेब येताहेत, त्यांच्यापुढे ठेवतो. नाही जमलं तर मग दिवाळीनंतर बघू." दिवाळीपर्यंत आम्ही तगणार नव्हतो. तौसिफभाईंनी दुकानाची अर्धी जागा आधीच एका टायरवाल्याला दिली होती.

तेव्हा तीन डबे लागले होते, आणि हाताशी होते नऊ दिवस.

मग माझ्या वडिलांनी, नानांनी, शब्द टाकला. नाना भडगाव तालुक्यात तीस वर्षं शाळामास्तर होते. त्यांच्या हातचा मार खाल्लेले लोक आता नातवंडं खेळवतात, पण नानांचा फोन आला की अजून उभं राहून बोलतात. नानांनी सात जणांना फोन केले, सातही जण हो म्हणाले. तीन महिन्यांची माझी पायपीट एका दुपारच्या फोनांपुढे फिकी पडली. मला आनंद झाला आणि रागही आला, पण आनंद जास्त झाला.

तौसिफभाई मात्र खूश नव्हते. "हे नानांचे गिऱ्हाईक आहेत, मेघा, आपले नाहीत," ते म्हणाले. "भिडेखातर घेतलेली वस्तू माणूस वापरत नाही. म्हणून सांगतो, डबा कुणाच्या हातात देऊन यायचं नाही. पेटीत बसवायचा, वीज तोडून दाखवायची, मगच निघायचं." मी हो म्हटलं. मीही शेवटी खानदेशातलीच.

सहा डबे आम्ही दोघांनी मिळून बसवले. दहावा राहिला होता चुडामण आबांचा, गिरणेकाठच्या गावात. तो शनिवार होता. तौसिफभाई दोंडाईचाला एका डब्याची तक्रार बघायला गेले होते, म्हणून मी एसटीने एकटीच गेले. पिशवीत पक्कड होती, टेस्टर होता. अर्ध्या तासाचं काम.

चुडामण आबा पंचावन्नचे असतील. केळीच्या बागेतून आले ते पाय चिखलाने भरलेले. डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "नानास्नी सांगं म्हणजे लेवानाच शे," म्हणाले.

"चला, लगेच बसवून देते."

ते हसले. "आते नही, माय. नवी वस्तू शे, मुहूर्त नको का? आखाजीले लावसूत. बठ्ठं नवं आम्हनाकडे आखाजीलेच व्हस."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे शेतीचं वर्ष तिथून सुरू होतं. वर्षाचा गडी, सालदार, त्या दिवशी ठरतो, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. या सगळ्याशी माझं भांडण नाही. पण आखाजीला सोळा दिवस होते आणि बन्सीलाल शेठचा सोमवार परवावर आला होता. मी समजावून पाहिलं. आबांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, माझ्यापुढे शेवया ठेवल्या. मी परत समजावलं. आबा नम्रपणे ऐकत राहिले, मान हलवत राहिले आणि तसूभर हलले नाहीत.

तेव्हा मला ती बुद्धी सुचली. "बरं, आखाजीला लावा," मी म्हटलं, "पण एक फोटो तर काढू द्या."

"फोटोनं काय, काढी ले."

विहिरीवर पेटीशेजारी आबा डबा धरून उभे राहिले, टोपी सरळ केली. फोटो झाला. मग घरी येऊन टीव्हीच्या प्लगला मी डबा जोडला. माझ्या मोबाइलवर दहावा ठिपका हिरवा झाला. दहा हिरव्या ठिपक्यांचं चित्र मी जपून ठेवलं आणि डबा काढून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. आबांनी त्याला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला. "तवलोंग देवजोडे ऱ्हाऊ दे," म्हणाले. विहिरीवरच्या त्या पेटीचं झाकण गंजलेलं होतं आणि आतल्या एका वायरीचं आवरण सोललेलं होतं. ते मी पाहिलं होतं. मी इंजिनियर आहे, मला ते दिसलं होतं. एसटी चुकेल म्हणून मी निघाले.

सोमवारी साहेबांनी त्या चित्रातले दहा ठिपके पाहिले आणि माना डोलावल्या. बन्सीलाल शेठनी दुकानाबाहेर फलक लावला. त्यावर आबांचा फोटो होता, कारण दहांत तोच फोटो चांगला आला होता. तौसिफभाईंनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर बघून त्यांनीच विचारलं, "आबांचा ठिपका करडा का दिसतोय?"

"रेंज नसेल," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"जाऊन बघू का? बाईक आहे."

"कशाला? डबा तर बसवलाय. तिकडे नदीकाठी रेंजची बोंबच आहे."

ते गेले असते तर खोटं उघडं पडलं असतं, एवढीच भीती मला होती. दुसरी कसलीच भीती मला वाटली नाही, याची आज लाज वाटते. मी रोज सकाळी तो करडा ठिपका बघायची आणि आखाजीचे दिवस मोजायची.

आखाजीला पाच दिवस राहिले असताना नानांचा फोन वाजला. ते उभे होते, ऐकता ऐकता खाली बसले. सकाळी नऊ वाजता आबा केळीला पाणी द्यायला गेले होते. ओल्या पायांनी पेटी उघडायला हात लावला आणि चिकटले. सालदार धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. नाना आले नाहीत. "शब्द मी टाकला होता," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तौसिफभाईंच्या बाईकवर मी मागे बसले होते. पारोळ्याच्या पुढे ते म्हणाले, "रेंज नसली तरी वीज तुटायला हवी होती, मेघा. रेंज फक्त फोनसाठी लागते. वीज डबा स्वतः तोडतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या डब्याचं सोल्डरिंग मी माझ्या हाताने केलं होतं. कुठे चुकलो असेन?" दोन्ही रात्री ते डब्याच्या सर्किटचा नकाशा पुन्हा पुन्हा तपासत होते. बाकीचे नऊ डबे परत काढून आणायचे त्यांनी ठरवलं होतं. मला सांगायचं होतं. तोंड उघडलं की वारा तोंडात जात होता. गाव येईपर्यंत मी वाऱ्याला दोष देत राहिले.

ओसरीवर माणसं बसली होती. बन्सीलाल शेठचा फलक धुळ्याला जाणाऱ्या कुणीतरी पाहिला होता, त्यामुळे आमच्याकडे कुणी नीट बघत नव्हतं. डबा लावूनही माणूस गेला, असंच सगळे समजत होते. तौसिफभाई खाली मान घालून बसले. मग हात जोडून वच्छलाबाईंना म्हणाले, "अक्का, माझ्या डब्याने दगा दिला. मला माफ करा."

वच्छलाबाईंना ते काय म्हणतात तेच कळेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आतल्या खोलीकडे हात करून म्हणाल्या, "माय, डबा तूच काढ. आम्ले सुतक शे, देवले हात लावता येत नही."

सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं. तीन दिवस त्या देव्हाऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी उठले. सगळ्यांच्या देखत आत गेले आणि देवांच्या मागून ती पिशवी काढून बाहेर आणली. प्लास्टिक तसंच होतं. वरच्या कुंकवाचा पोपडा झाला होता.

"एक डावबी वापरा नही," वच्छलाबाई म्हणाल्या. "नवाच शे, दुसराले दी टाक. नानास्ना शब्द राखाना ऱ्हाई गया, माय. राग नको धरू."

त्या माझी माफी मागत होत्या. मला तिथेच जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं असं झालं.

तौसिफभाईंनी माझ्या हातातून पिशवी घेतली. उलटसुलट करून पाहिली. गाठ मीच मारलेली होती, माझ्या सवयीची, दुहेरी. ती गाठ त्यांनी ओळखली. वच्छलाबाईंना विचारलं, "अक्का, मोटार आता कोण चालू करतं?"

"मीच. केळीले पानी देनंच पडस."

ते विहिरीकडे चालू लागले. मी मागे गेले, पण जरा लांब उभी राहिले. त्यांनी सोललेली वायर कापून नवी जोडली, गंज घासला, डबा पेटीत बसवला. एकही वस्तू माझ्याकडे मागितली नाही. शेतीची वीज त्या दिवशी बाराला आली. त्यांनी वीज तुटते की नाही ते दोनदा तपासलं, मग वच्छलाबाईंना बोलावून मोटार त्यांच्या हाताने सुरू करायला लावली. पाइपातून पाणी आलं.

माझ्या हातातल्या मोबाइलवर करडा ठिपका हिरवा झाला.

तौसिफभाईंनी पक्कड पुसून पिशवीत टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बघ मोबाइल," म्हणाले. "झाले तुझे दहा."

मग ते ओसरीकडे गेले, आबांचा डबा आजपर्यंत पेटीत बसवलेलाच नव्हता हे त्या माणसांना सांगायला. का बसवलेला नव्हता, हे सांगायचं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी बांधावरून त्यांच्या मागे निघाले.