बद्रीनाथचा हात

"वहिनी, दार लोटून घ्या. केदारखेड्याची गाडी आली," असे म्हणत रामकिसनने लाल हिंगुळाच्या वाटीत बोटे बुडवली आणि तो घाईघाईने ओसरीवर जाऊन बसला.

चतुराबाईने हातातला मुखवटा फळीवर ठेवला, पदराला हात पुसले आणि ती आतल्या खोलीत जाऊन दाराआड उभी राहिली. गिऱ्हाईक यायचे म्हटले की धाकट्या दिराने बोटे रंगवून ओसरीवर बसायचे आणि तिने आत जायचे, हे दोन वर्षांपासून ठरून गेले होते.

राजूरला गणपतीच्या दर्शनाला येणारी माणसे जाता जाता बद्रीनाथ चिताऱ्याचे घर विचारायची. भादव्यात घरोघर महालक्ष्म्या बसतात. पितळी मुखवटे सगळ्यांना झेपत नाहीत आणि मातीचे दोन-चार वर्षांत कुठेतरी आपटतात. बद्रीनाथच्या घरचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे होते. वजनाला पाखरासारखे हलके आणि पिढी काढतील इतके घट्ट. पण माणसे त्यासाठी येत नसत. ती चेहऱ्यासाठी येत. बाया म्हणायच्या, "बद्रीनाथच्या लक्ष्म्या आपल्याकडं बघत्यात. दुसऱ्यांच्या नुसत्या बसत्यात."

खरे म्हणजे बद्रीनाथ बैलगाड्यांच्या साट्या आणि देवळांच्या भिंती रंगवणारा माणूस. मुखवटेही करायचा, पण साच्यातून काढलेले. एक झाकावा आणि दुसरा दाखवावा. चतुराबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला लगद्याच्या टोपल्या तेवढ्या येत होत्या. आईकडे ती शिकली होती. रद्दी भिजत घालायची, कुजू द्यायची, उखळात मेथीबरोबर कुटायची आणि पालथ्या घागरीवर थापायची. एकदा बद्रीनाथ देवळाच्या कामावर गेला असताना तिने त्याच्या एका मुखवट्याच्या गालावर ओला लगदा चढवला. हनुवटी थोडी आत घेतली. ओठ दाबून जरा उघडे ठेवले, काही बोलता बोलता थांबल्यासारखे. चिंचोक्याची खळ लावली, वर खडूचा हात दिला आणि वाळल्यावर काजळाने डोळे काढले.

बद्रीनाथ परत आला आणि तो मुखवटा हातात धरून बसून राहिला.

"ही कोण हाय?"

"कुणी न्हाई. माहेराला एक बाई व्हती, पाणी द्यायची येणाऱ्या-जाणाऱ्याला. तिच्यावाणी झाली."

"मंग असंच करत जा," तो म्हणाला.

त्यानंतर बद्रीनाथने चेहऱ्याला हात लावला नाही. तो रंग घोटायचा, रोगण द्यायचा, गिऱ्हाईकाशी बोलायचा. लोक वाहवा करायचे तेव्हा तो आतल्या दाराकडे एकदा बघायचा. माणूस वाईट नव्हता. पण हे बायकोने केले, असे त्याच्या तोंडून कधी निघाले नाही. त्याने सांगावे, असे चतुराबाईलाही कधी वाटले नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती हळदीकुंकवाला घरोघर जायची. भरजरी लुगड्यात, दागिन्यांत, समयांच्या उजेडात बसलेले आपले चेहरे ती बघायची. सवाशिणी त्यांच्यापुढे ओटी भरायच्या, मनातले बोलायच्या. ती मागे उभी राहून ऐकायची, आणि तेवढ्यावर तिचे वर्ष निघायचे.

पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी पटकीची साथ आली. बद्रीनाथ सकाळी कामावर गेला तो बैलगाडीत आडवा होऊन परत आला, आणि दिवस मावळायच्या आत संपला. चतुराबाईच्या बांगड्या फुटल्या, कपाळ मोकळे झाले. ज्या घरांत तिचे चेहरे बसत होते त्या घरांत त्या दिवसांत पाय ठेवायची आता सोय राहिली नाही.

भादवा जवळ आला तशी माणसे येऊन हळहळली. "हात गेला बद्रीनाथचा. तसं काम आता न्हाई व्हायचं." विधवेच्या हातची लक्ष्मी कोण घेणार? रामकिसनने तोड काढली. "वहिनी, हात तुमचा, नाव माझं. भावाकडून शिकलो म्हनून सांगतो. कुणाच्या बापाला कळतंय?" चतुराबाई कबूल झाली. पोटाचा प्रश्न होताच. पण हात रिकामे राहिले की तिला घरात बसवत नसे, हे ती दिराला कुठे सांगणार होती?

ओसरीवर आता केदारखेड्याचे काकासाहेब पाटील आणि त्यांची कारभारीण तुळजाबाई येऊन बसली होती. त्यांच्या घरातल्या जुन्या मुखवट्यांना वाळवी लागली होती. नवी सून यायची होती, त्याआधी नवी जोडी हवी होती. काकासाहेब बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. तुळजाबाईने दोन्ही मुखवटे मांडीवर घेतले.

"यांचे डोळे काढायचे ठिवलेत ना?"

"तुम्हीच सांगितल्तं ना, ठिवा म्हनून," रामकिसन म्हणाला. "उद्या काढून देतो. घरी पोचतं करतो."

"उद्या कशाला? आमच्या घरची चाल हाय. लक्ष्मीचे डोळे घरच्या सवाशिणीच्या म्होरं उघडायचे. सासूबाईनं तसंच केलं. म्हनून तर मी आले. काढा की आता."

"आज रंग बराबर न्हाई, बाई."

"काजळाची वाटी तर भरलेली हाय."

रामकिसनला उठताही येईना, बसताही येईना. शेवटी त्याने खारीच्या केसांचा कुंचला उचलला. गाडीच्या साटीवर मोर काढणारा हात तो. घाईत त्याने कुंचला काजळात पार बुडवला. काजळाचा ओघळ डोळ्याच्या कोपऱ्यातून गालावर उतरला.

"अगं बाई! हे काय झालं!"

"कुठं काय? पुसतो जल्दी," म्हणत त्याने अंगठ्याने पुसले. गाल काळा झाला. तो आणखी जोरात घासू लागला, तसा खाली दिलेला खडूचा हात खपली धरून निघू लागला.

आपण दार कधी उघडले, हे चतुराबाईला पुढेही कधी आठवले नाही. ती ओसरीवर आली, दिराच्या हातातून मुखवटा काढून घेतला आणि खाली बसली. ओल्या चिंधीचे टोक पिळून तिने काजळ हलकेच टिपून घेतले. खडू बोटावर घेऊन खपली भरली, फुंकर घालून वाळवली. मग कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक केले. वरची पापणी एका श्वासात ओढली, खालची त्याहून हळू, आणि बुबुळ ठेवले. दुसरा डोळा. मग दुसरी लक्ष्मी.

चेहरे बघायला लागले.

तुळजाबाईचे हात आपोआप जोडले गेले. "आई," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिची नजर मुखवट्यावरून वर सरकली, मुखवटा धरलेल्या मोकळ्या मनगटांवर गेली, तिथून कपाळावर गेली.

"तू... बद्रीनाथची ना?"

चतुराबाईने कुंचला खाली ठेवला.

"दोन वर्षं हेच करून राह्यले तुम्ही?" तुळजाबाई रामकिसनकडे वळली. "माझ्या बहिणीनं परसाली जोडी नेली इथून. लेकुरवाळीच्या घरात हे घातलं तुम्ही?" ती उठली, पायरीवर एकदा थांबली. तिने वळून त्या दोन चेहऱ्यांकडे पाहिले, आणि त्यांनीही बघितले म्हणून की काय, तोंड फिरवून गाडीकडे जवळजवळ पळत गेली.

रामकिसनने रंगलेली बोटे धोतराला पुसली. मग म्हणाला, "एक गाल तर खराब झाल्ता, वहिनी. एक गाल! तेवढंबी सोसलं न्हाई तुम्हाला?"

"न्हाई सोसलं," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी बातमी गावोगाव गेली. मुखवटे परत येऊ लागले. कोणी फडक्यात बांधून आणले, कोणी टोपलीत झाकून. कोणी बोलायलाही थांबले नाही, ओट्यावर ठेवून चालते झाले. परसालचे हळदकुंकू अजून मुखवट्यांच्या कपाळावर होते. गल्लीतली नंदाबाई जोडी ठेवता ठेवता म्हणाली, "तरीच आमचा बैल गेला. मी म्हनत व्हते, घरात काय शिरलं असंल." या नंदाबाईच्या बाळंतपणात चतुराबाई सव्वा महिना रोज डोक्यावरून पाणी आणून देत होती.

चतुराबाईने एकेक चेहरा आत नेला आणि भिंतीशी ओळीने ठेवला.

एवढ्यावर भागले असते. पण कोणीतरी डोके चालवले. दोन वर्षांचे हिने केले, तर त्याच्या आधीचे कोणी केले? चेहरे तर एकाच हाताचे दिसतात. वीस गावांत घरोघर बद्रीनाथचे मुखवटे होते. काही बाया म्हणाल्या, तेव्हा ती सवाशीण होती, काय बिघडते? बाकीच्या म्हणाल्या, हात तर तोच ना? नवऱ्याला खाल्लेला हात. आता पूजा तरी कशी करायची?

पोळा झाला आणि काकासाहेब पाटील चार माणसे घेऊन ओट्यावर आले. शब्दाला वजन असलेला माणूस. आवाज चढवला नाही.

"बाई, एक विचारतो. देवाला स्मरून सांगा. बद्रीनाथ व्हता तवाचे मुखवटे कुणी केले? त्यानं, का तुम्ही?"

रामकिसन जमिनीकडे बघत होता. गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या.

वीस वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होते. चतुराबाईचे ओठ हलले. 'मी' एवढे एकच अक्षर होते. पण तिला घरे दिसली. राजूरची, केदारखेड्याची, पार तिकडे वडीगोद्रीपर्यंतची. कोनाड्यांत, पेट्यांत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेले सगळे चेहरे दिसले. 'मी' म्हटले की ते सगळे फडक्यात बांधून या ओट्यावर येणार होते. नाहीतर उकिरड्यावर.

"ते यांचेच," ती म्हणाली. "मी नुसता लगदा कुटत व्हते."

"बिलकुल खरं?"

"खरं. हे गेल्यावर पोटासाठी हात लावला. चुकलं माझं. बघा की, डोळे त्यांच्यावाणी जमले बी न्हाईत."

काकासाहेबांनी सुस्कारा सोडला. सगळ्यांनाच मोकळे वाटले. "मला वाटलंच व्हतं," ते बरोबरच्यांना म्हणाले. "बद्रीनाथचा हातच येगळा. बाईमाणसाला कसा जमंल?"

दुसऱ्या दिवशी इचरजबाई आल्या. हुकमचंद शेठची म्हातारी. त्यांच्या दुकानातली रद्दी वर्षानुवर्षे चतुराबाईकडे यायची. कागदाचे गाठोडे त्या स्वतः घेऊन आल्या होत्या, धापा टाकत.

"झूठ का बोललीस तू, चतुरा? मी माझ्या डोळ्यांनी देखलंय तुला. बद्रीनाथ बाजूला बसून चिलीम ओढायचा."

"कुणाला सांगू नका, शेठाणीबाई."

"अगं, पण जिंदगीभर तू केलं. नाव तर लागू द्यायचं होतं तुझं."

"नाव लागलं असतं तर ते सगळे गेले असते." चतुराबाईने भिंतीकडे बोट केले. "हे असे. असू द्या तिकडंच. कुणाच्या का नावानं, पूजा तर व्हते त्यांची."

इचरजबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. निघताना त्यांनी गाठोडे उंबऱ्याच्या आत सरकवले. चतुराबाईने ते उचलून परत त्यांच्या हातात दिले.

"कागद घेऊन जा. आता लागायचा न्हाई."

महालक्ष्म्या आल्या तशा गेल्या. पूजनाच्या संध्याकाळी ती मागच्या दाराशी बसून होती. बाया ओट्या घेऊन घाईघाईने जात होत्या. कुंपणापलीकडून त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"पुष्पाबाईकडच्या बघितल्या का? यंदा काय रूप आलंय!"

"बद्रीनाथच्या हातच्या ना त्या. आता कुठं मिळायच्या?"

चतुराबाईने उठून दार लावून घेतले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रामकिसन म्हणाला, "वहिनी, ते मुखवटे घरात ठेवणं बरं न्हाई. पोत्यात भरून देतो टाकून कुठंतरी."

"टाकू नका. मी नेते."

डोक्यावर पाटी घेऊन ती एकटीच पूर्णा नदीवर गेली. पाणी गुडघ्याला लागेल एवढे होते. तिने पहिला चेहरा सोडला. कागदच तो, बुडाला नाही. आकाशाकडे बघत हळूहळू खाली वाहू लागला. पुढे बाभळीच्या फांदीला अडकला आणि तिथेच डोलत राहिला. असेच राहिले तर उद्या गुराखी पोरे काठीने ढोसतील. ती पाण्यातून चालत गेली, तो सोडवून घेतला आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली धरला. त्याच्यावर तळहात ठेवून ती खाली बसली. रोगण सुटायला वेळ लागला. आधी कुंकू गेले, मग गालावरचा रंग. हाताखाली कपाळ मऊ झाले, नाक खचले. लगदा बोटांतून सुटायला लागला तेव्हा तिने हात काढला. मग दुसरा घेतला.

ऊन चढले. पाणी पांढुरके होऊन खाली जात होते. खालच्या अंगाला बाया धुणे घेऊन आल्या होत्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून ओरडली, "कोण हाय गं वर? पाणी नासवून राह्यलीस सगळं!"

"झालं, बाई," चतुराबाई म्हणाली. "एवढा एकच राह्यला."