डाव्या बाजूचे नट

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रॉकेलच्या थाळीत नट भिजत पडले होते, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून त्यांतला एकेक निरखत होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाची सवय. ट्रकचा नट मुठीएवढा असला तरी भिंगाशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"येतेस?" त्यांनी विचारलं. "लिलावाच्या मैदानात सहावं चाक आलंय म्हणतात."

"तुम्ही जाऊन या," पुस्तकातून मान वर न करता लेक म्हणाली.

हा प्रश्न दर लिलावाला व्हायचा आणि उत्तरही ठरलेलंच. ती ग्रंथालयात काम करायची, सुट्टीचा दिवस तिला वाचायला लागायचा. बाबांनाही ते माहीत होतं, तरी विचारायचे.

दुकान बंद केल्यावर बाबांनी सैन्याने मोडीत काढलेला एक मालवाहू ट्रक लिलावात घेतला होता. जसा आहे तसा उचला, असा तिथला नियम. इंजिन गप्प, मागच्या हौद्यात पाखरांची घरटी, आणि सहापैकी एक चाक बेपत्ता. "एवढी वर्षं बारीक चाकं फिरवली," बाबा म्हणाले, "आता जरा डोळ्यांत भरेल असं काहीतरी." यावर आत्या म्हणाली होती, "दादाला म्हातारपणी खेळणं हवं होतं, ते घेतलं. पण खेळणं दारातून आत येईल एवढं तरी घ्यायचं!" मग बाबांनी गल्लीच्या टोकाची शेड भाड्याने घेतली, उसनं चाक लावून ट्रक तिथे ओढवून आणला आणि सकाळ-संध्याकाळ तिथेच रमले. गंज खरवडला, ब्रेक सोडवले, पाच चाकं उतरवून रंगवून परत चढवली. इंजिनाला मात्र अजून वाचा फुटली नव्हती.

संध्याकाळी ते टेम्पोतून आणलेलं चाक शेडवर उतरवून घरी आले. शर्ट काळा, चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा. जेवणं झाल्यावर त्यांनी एक बोल्ट आणि एक नट लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"लाव बघू."

तिने फिरवला. बसेना.

"उलटा फिरव. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात."

तिने उलटा फिरवला, तर नट लोण्यात सुरी जावी तसा सरकत गेला. तिला गंमत वाटली. "का पण?"

"घड्याळाच्या मागे उभी राहा, म्हणजे कळेल," बाबा हसून म्हणाले. "उद्या शेडवर चल, दाखवतो."

"बघू," म्हणत ती पुस्तक घेऊन आत गेली.

सकाळी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत. चहाला आलेल्या आत्याने हाक मारली, मग हलवलं. झोपेतच गेले होते.

माणसं येऊन गेली, घर पुन्हा रिकामं झालं, तेव्हा लेकीला हातांचं काय करावं ते कळेना. ती शेडवर गेली आणि आवरत सुटली. झाडलं, पुसलं, अवजारं उंचीप्रमाणे लावली. खिडकीच्या दोन टोकांना नटांचे दोन डबे होते, अगदी सारखे. ते तिने एकाच स्वच्छ बरणीत ओतले आणि झाकण लावलं. रडू मात्र आलं नाही.

पुढे शेडच्या मालकाने जागा परत मागितली. भंगारवाला आला, ट्रकभोवती फिरला आणि डाव्या बाजूला ओंडक्यांवर टेकवलेल्या मधल्या आसापाशी थांबला.

"ताई, हे असं बाहेर निघायचं नाही. गॅसने कापून तुकडे न्यावे लागतील."

"आणि सहाही चाकं असली तर?"

"मग काय, साखळी लावून ओढतो. माझा ट्रॅक्टर आहे की. पण ठेवणार कुठे?"

"माझ्या घरामागे," आत्या मध्येच म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "काय बघताय? तिथे काही उगवत नाहीच."

"परवा शेड रिकामी हवी म्हणतात मालक," भंगारवाला म्हणाला. "उद्या बघू लावून. नाही बसलं तर मात्र कापायचं. कबूल?"

"कबूल," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने जॅक लावून आस उचलला. चाक दोन भागांचं, नटांनी जोडलेलं; ते जोडनट बाबांनी चाक शेडवर उतरवताच लाल रंगवले होते. भंगारवाला म्हणाला, "त्यांना हात लावायचा नाही हां ताई. आत हवा असताना सोडले तर चाक फुटून छताला जाईल." पहारीने रेटून त्याने चाक जागेवर बसवलं. मग बरणीतला नट घेऊन फिरवला. बसेना. दुसरा घेतला, तोही बसेना.

"आटे गेलेत," तो हात पुसत म्हणाला. "नाहीतर बाबांनी नट भलतेच आणलेत."

"बाबा भलतं काही आणत नसत," लेक म्हणाली. "उलटा फिरवा. डावी बाजू आहे."

"अरे हो की! इतकी चाकं कापली, पण लावायची वेळच येत नाही आमच्यावर."

उलटा फिरवला. तरी बसेना. तिसरा मात्र अलगद आत गेला, आणि चौथा पुन्हा अडला. लेकीने बरणीकडे पाहिलं, मग खिडकीच्या दोन टोकांकडे. एका टोकाला डावे, दुसऱ्याला उजवे.

"मी कालवून ठेवलंय," ती म्हणाली. "आवरता आवरता."

"बरं झालं," आत्या खाली फतकल मारत म्हणाली. "मला वाटलं होतं तुझ्या हातून कधी काही चुकतच नाही. ओत इकडे."

धान्य निवडायला बसावं तशा दोघी बसल्या. एकेक नट एका सुट्या डाव्या बोल्टवर उलटा फिरवायचा. बसला तर या ढिगात, अडला तर त्या. लेकीच्या बोटांना हळूहळू सवय झाली. हे असं का, हा प्रश्न मात्र तिचा पाठलाग सोडेना. ज्याने पहिल्यांदा उलटे आटे पाडले, त्याला कसली भीती वाटली असेल? घड्याळाच्या मागे म्हणजे कुठे?

"शेवटचा तुझा," आत्या म्हणाली.

तिने तो स्वतः चढवला आणि पान्यावर सगळं वजन टाकून आवळला.

ओंडके निघाले. साखळी ताणली गेली, ट्रॅक्टर गुरगुरला. ती डाव्या बाजूला उभी राहून नव्या चाकाकडे पाहत होती. ट्रक कण्हला आणि पुढे सरकला. चाक फिरलं. घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

ती धावत दुसऱ्या बाजूला गेली. तिथली चाकं काट्यांसारखीच फिरत होती. ट्रक तोच, चाल तीच. फक्त बघणारी मागे गेली की काटे उलटे. चाक उलटं फिरतं, म्हणून नटही उलटे, पळता पळता सैल पडू नयेत म्हणून. बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ती आत निघून गेली होती.

"ओ ताई!" शेडबाहेर ट्रक थांबवून भंगारवाला ओरडला. "पुढे वळण आहे. कोणीतरी वर बसून स्टिअरिंग धरा."

"ब्रेक लागतो ना याचा?" आत्याने विचारलं.

"बाबांनी केलाय," लेक म्हणाली, "म्हणजे लागतो."

पायरी उंच होती. तिने दार उघडलं. बाबांची उशी सीटवर तशीच होती, मधोमध खोलगट झालेली, आणि आरशाच्या दांडीला भिंग लटकत होतं. ती तिथेच, एक पाय पायरीवर ठेवून, थोडा वेळ उभी राहिली. ट्रॅक्टरने हॉर्न दिला.

"सरका जरा, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मी येते."