पाच तारे आणि एक कूलर

मी एक जुना एसी आहे. धुळ्यात, देवपुरातल्या मिश्रीलाल शेठजींच्या गच्चीवर आज सकाळपर्यंत पालथा पडलो होतो. मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करण्यासारखे लोक खाली राहतात.

★★★★★

कारखान्यातून निघालो तेव्हा छातीवर पाच तारे होते. शेठजींनी ते स्टिकर कधी काढलं नाही. पाहुण्याला पाणी नंतर, आधी स्टिकर. "फाइव्ह स्टार आहे, व्याहीजी!"

मी मान मोडून काम केलं. पण पहिल्याच उन्हाळ्यात शेठजींच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी खिडकीतला जुना कूलरही चालू केला. माझ्या जोडीला!

"एसीची हवा सुकी लागते," त्या म्हणाल्या. "दोन्ही लावले की गारवा डबल."

डबल! कूलर बाहेरची गरम हवा ओढून, ओली करून खोलीत ढकलणार. ती ओल मी नळीवाटे बाहेर टाकणार. कूलर पुन्हा भरणार. मी पुन्हा उपसणार. याला त्या घरात गारवा म्हणत.

★★★★

सरकारने वीजबचतीच्या ताऱ्यांचा तक्ता कडक केला आणि माझे पाचाचे चार झाले. चूक नव्हतं ते. नवी यंत्रं खरोखरच कमी वीज खातात. मी मात्र पूर्वीइतकीच खात होतो. तरी शेठजी माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी नापास होऊन घरी आलो.

माझी जाळी? ती कोणी धुतली नाही. स्टिकर मात्र रोज पुसत.

★★★

तक्ता पुन्हा बदलला. त्यात विजेचं भरमसाठ बिल आलं.

"काढा याला," शेठजी म्हणाले. "तीन तारेवाला झाला. हाच वीज खातो."

सून रूपल म्हणाली, "बाबूजी, एक महिना कूलर बंद ठेवून बघू या. मग काढायचा तर काढा."

"आणि माझा घसा सुकला तर?" सासूबाई.

"उशाशी पाणी ठेवीन, मम्मी."

शेठजी हसले. "सूनबाई, याचे तारे कोणी कमी केले? कूलरने की सरकारने?"

सगळे हसले. माझा निकाल लागला.

(इथे तारे नाहीत.)

नवा आला. पाच तारे, चकचकीत स्टिकर. त्याचं बाहेरचं यंत्र गच्चीवर माझ्या शेजारीच बसवलं. बिचारं दिवसभर धापा टाकतं. खाली कूलर घुर्र करतोच आहे. काल नवं बिल आलं आणि शेठजींचा आवाज गच्चीपर्यंत पोहोचला, "हा पण तसाच निघाला!"

आज भंगारवाला तोताराम आला. मला खांद्यावर टाकून जिना उतरला. खोलीच्या दारात थांबून त्याने कूलरकडे मान करत विचारलं, "शेठ, हाऊ कूलर बी देतस का?"

"तो कशाला?" शेठजी म्हणाले. "त्याच्यामुळेच तर जरा गारवा आहे."

मित्रांनो, तारे जरूर मोजा. पण आधी जाळी धुवा, कूलर बंद करा आणि ती खिडकी लावून घ्या.