मला वर कुणी नेलं

मी पायथ्याचा दगड बोलतोय. मठ्ठ माणसाला तुम्ही माझं नाव देता, तरी माझा राग नाही. त्या दिवशी खरा दगड कोण ठरला, ते मी अगदी जवळून पाहिलंय.

माझा जन्म शिखरावरचा. एकदा निसटलो तो गडगडत थेट खाली. मग वर्षानुवर्षं लोक माझ्यावर पाय टेकवून नाड्या बांधायचे आणि वर जायचे. मला कोण विचारतो?

एका सकाळी निवृत्त व्यायामशिक्षक आले, सोबत त्यांचा मेव्हणा. मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आज शिखर गाठलं नाही तर डोंगर कायमचे बंद, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. बायकोचा जीव टांगणीला. तिने भावाला गुपचूप बजावलं होतं, ‘अर्ध्यातून परत आण त्यांना.’

मास्तर झाडामागे गेले, तसं मेव्हण्याने मला त्यांच्या पिशवीत तळाशी कोंबलं आणि हात धुवायला नळावर गेला. मास्तर परतले, पिशवी उचलली, थबकले, आत डोकावले. मी गप्प. मला अलगद मेव्हण्याच्या पिशवीत ठेवलं आणि शीळ घालत निघाले.

“ताईने डब्यात काय भरलंय एवढं?” मेव्हणा वाटभर कुरकुरत होता. अर्ध्यावर त्याने बसकण मारली. “भाऊजी, परत फिरू या. माझ्याच्याने नाही होत.”

“गुडघा माझा दुखतोय आणि रडतोयस तू? हात दे.”

मला हसू आवरेना. पण मेव्हण्याची पाठ वळली की मास्तर गुडघा दाबून डोळे मिटत, तेही मी पिशवीच्या फटीतून पाहिलं. तेव्हा मात्र वाईट वाटलं.

शिखरावर दगडांची रास आहे. पोचलेल्याने तिच्यावर एक दगड ठेवायचा, अशी इथली रीत.

“तुझा दगड?” मास्तरांनी विचारलं.

“मी कुठून आणू?”

“पिशवीत बघ.”

मला पाहून मेव्हण्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तेवढ्यात मास्तरांना बायकोचा फोन आला.

“फिरलात ना परत?”

“अगं, शिखरावरून बोलतोय. तुझा भाऊ अर्ध्यात बसला होता, त्यालाही आणला. दगडासकट.”

पलीकडे ती हसत होती की रडत, कळेना. “सावकाश उतरा. पुढच्या वेळी मीही येते.”

आता मी राशीच्या टोकावर, म्हणजे शिखरापेक्षाही वीतभर उंच. एकच विनंती आहे. पायथ्याशी, नळाजवळ, माझा धाकटा भाऊ पडून आहे. येताना त्याला घेऊन या. पिशवी कुणाची, ते तुमचं तुम्ही बघा.