लोणीचे डोळे

शुभंकर बोटीवर चढताना आपलं मांजर माझ्या गळ्यात बांधून गेला. नऊ महिन्यांचं कंत्राट, मुंबईतली भाड्याची खोली सोडलेली, आणि मांजर पर्शियन. पांढरं, फुगीर, नाक चेहऱ्यात बसलेलं. नाव लोणी. आईला विचारायची पद्धत नाहीच. पिंजरा ओटीवर ठेवला, एक कागद हातात दिला आणि एवढं वाच म्हणाला.

कागदावर लिहिलं होतं, रोज विंचरायचं, नाहीतर केसांच्या गाठी होतात. उन्हात न्यायचं नाही, गार जमीन लागते. घराबाहेर सोडायचं नाही. पाणी उकळून गार करून, कापसाने दिवसातून दोनदा डोळे पुसायचे. आणि सगळ्यात शेवटी, ती ओरडून काही मागत नाही, आपणच बघायचं. म्हटलं, झालं, महाराणी आल्या. आमच्याकडे मांजर म्हणजे बांगड्याच्या डोक्यावर जगणारं आणि उंदीर धरणारं. हिने उंदीर पाहिला आणि बाजूला सरकून त्याला वाट दिली. तिच्या शी-शूच्या तसराळ्यात घालायला मी आरे-वारेच्या किनाऱ्यावरची वाळू आणली. तिने एक पंजा लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने बाजारातून तिच्या त्या खास वाळूची पिशवी घेऊन आले. पण पंधरा दिवसांत लळा लागला, हे कबूल करते. दुपारी माजघरातल्या गार लाद्यांवर ती पसरायची आणि मी शेजारी बसून विंचरायचे.

भानगड झाली ती डोळ्यांची. नाक चपटं, म्हणून डोळ्यातलं पाणी आत न उतरता गालावर ओघळतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं. शेजारच्या तुळसाला कोण समजावणार? तिने लोणीचं तोंड पाहिलं आणि स्वतःच्या तोंडाला पदर लावला. मांजर रडतंय, आणि तेही बोटीवाल्याच्या घरात. संध्याकाळपर्यंत ते माझ्या दिरांच्या, हरिश्चंद्रभाऊजींच्या कानावर गेलं.

आमच्या घरात एक नियम आहे. माणूस बोटीवर असेपर्यंत बायकांनी डोळ्यातून टिपूस काढायचं नाही. निघायच्या दिवशी तर कांदासुद्धा चिरायचा नाही. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सांगितलं आणि मी ते पाळलं. नवरा निघाला की हसत हसत हातावर दही घालायचं. पुढे शुभंकरच्या हातावरही तसंच घातलं.

त्यातच आठ दिवस शुभंकरचा फोन नाही. भर समुद्रात रेंज नसते, हे मला कळतं. तरी फोन उशाशी घेऊन झोपायचे. नवव्या दिवशी भाऊजी गोणपाट घेऊन आले. जेटीवर सोडून येतो म्हणाले, तिथे मासळी खाऊन इतकी मांजरं जगतात, हेही जगेल. मी सांगितलं, ही नाही जगणार. दुसऱ्याच्या तोंडचं ओढून खाणारी ही नव्हे, कुत्रा आला तरी बसल्या जागची उठणार नाही.

"वैनी, पोरगा पाण्यावर हाय," भाऊजी म्हणाले. "मांजर आणलंन ते आणलंन, रडकं आणलंन. ह्याच्यापायी त्याला काय झालं तर?"

खोटं कशाला बोलू, वाटलं, देऊन टाकावी. पोरापुढे मांजर ते काय? लोणी लादीवर बसून माझ्याकडे बघत होती. डाव्या डोळ्याची तपकिरी रेघ नाकापर्यंत आली होती. मागत काहीच नव्हती. आणि मला एकदम संताप आला, भाऊजींचा नव्हे, त्या नियमाचा.

"भाऊजी, तुमचे भाऊ गेले तेव्हा ह्या घरात कोण रडत होतं?" मी विचारलं. "मांजर नव्हतं. मी तर कांदासुद्धा चिरला नव्हता. तरी बोट आली आणि ते आले नाहीत."

बारा वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. भाऊजींनी गोणपाटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मी म्हटलं, शुभंकर ज्या घरात परत येणार, त्याच घरात त्याचं मांजर राहणार, आणि तो नियम आजपासून बंद. ते गोणपाट काखेत मारून गेले. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलंय. तुळसाही अंगणासमोरून जाताना मान फिरवते. फिरवू दे.

शुभंकरचा फोन अजून आलेला नाही. रोज दोनदा मी पाणी उकळते, गार करते आणि लोणीला मांडीवर घेऊन ओटीवर बसते, अगदी रस्त्यावरून दिसेल अशी. आधी तिचे डोळे पुसते. मग माझे वाहू देते, हवे तितके. ते पुसत नाही.